किल्ली कुणाच्या हाती?

विषय तसा क्षुल्लक वाटेल. हॉटेलच्या खोलीची किल्ली हा काय महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहिण्याचा विषय झाला, असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला प्राध्यापक-कक्षात ऐकवलेही. देशापुढे एवढे मोठमोठे प्रश्न उभे असताना तुम्ही किल्ली घेऊन बसलात, असा त्यांचा एकंदर सूर होता. मी त्यांना एवढेच म्हणालो की, मोठे प्रश्न आपल्या घरी येतात ते बहुधा लहान वस्तूंच्या रूपानेच येतात. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि 'मग लिहा' म्हणाले. म्हणून हा लेख.

प्रसंग असा. गेल्या थंडीत मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी मी आईला घेऊन इंदूरला गेलो होतो. आईचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण जिद्द दांडगी. नवरीची ती आत्याआजी. आणि मेंदीच्या रात्री आत्याआजीने जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात असा नवरीने महिनाभर आधीपासून हट्ट धरलेला. पुण्याहून रात्रीच्या बसने आम्ही सकाळी इंदुरात उतरलो. वरपक्षाने पाहुण्यांची सोय एका नव्या, झकपक हॉटेलात केली होती. स्वागतकक्षातल्या टापटीप तरुणाने माझा फोन मागितला, त्यात हॉटेलचे ॲप उतरवून दिले आणि हसून म्हणाला, "लीजिए सर, चाबी आपके मोबाइल में आ गई." मी फोन दाराच्या मुठीजवळ नेला. हिरवा दिवा लागला, 'टिक' असा आवाज झाला आणि दार उघडले. मला, खरे सांगतो, मोठी गंमत वाटली. खोलीतले दिवे लावण्यासाठी भिंतीवरच्या खाचेत कार्ड खुपसावे लागते. आता कार्डच नाही म्हटल्यावर सामान आणणाऱ्या पोऱ्याने कुणाचे तरी जुने व्हिजिटिंग कार्ड त्यात खुपसून दिले. त्या क्षणी मी हसलो. पुढे जे झाले त्याची ती नांदीच होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही पुरुषमंडळी सराफ्यात गेलो. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याचा बाजार भरतो. थंडीतले गराडू, भुट्ट्याचा कीस, वर जिलेबी. जेवणे झाली असूनही कुणी मागे हटेना. आई म्हणाली होती, "मी थोडी आडवी होते, मग खाली मेंदीला जाईन." मेंदीचा कार्यक्रम त्याच हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर होता. आमची खोली पाचव्यावर.

परत यायला बारा वाजले. छायाचित्रे काढून काढून माझा फोन वाटेतच मेला होता. लिफ्टला फोन दाखवल्याखेरीज ती वर जाईना. स्वागतकक्षात गेलो. तरुण दुसरा होता, पण तितकाच नम्र. तो म्हणाला, नवी किल्ली देतो, ओळखपत्र दाखवा. ओळखपत्राचे चित्र फोनमध्ये. मूळ कार्ड खोलीतल्या पिशवीत. म्हणजे ओळख खोलीत, खोलीची किल्ली फोनमध्ये, आणि फोन गतप्राण. तर्कशास्त्राच्या वर्गात चक्रक दोषाचे उदाहरण म्हणून सांगावे असा तो प्रकार होता. त्या तरुणाचा यात काही दोष नाही. ओळख पटल्याशिवाय त्याने किल्ली दिली असती तर मीच उद्या त्याच्या नावाने शंख केला असता. शेवटी तो आपले कार्ड घेऊन माझ्याबरोबर वर आला. मी दार ठोठावले. आईने आतून कडी काढली, मला पाहिले आणि म्हणाली, "आलास?" तेवढ्यावर माझी ओळख पटली.

आई जागीच होती. मी विचारले, "मेंदी कशी झाली? ओव्या म्हटल्यास ना?" ती म्हणाली, "गेलेच नाही." खालून दोनदा बोलावणे आले होते, दोन्ही वेळा तिने पाय दुखतात म्हणून सांगितले. पाय दुखत नव्हते. खरे कारण तिने मला दिवा मालवल्यावर सांगितले. "बाहेर पडले आणि दार लागले तर परत कशी येणार? रात्री मला तासा-दीड तासाने उठावे लागते, तुला ठाऊक आहे. तिथे चारचौघांत कुणाला सांगू, माझी किल्ली मुलाच्या फोनात आहे म्हणून?"

दार आतून उघडत होते. कुणी तिला कोंडले नव्हते. तरीही माझी आई त्या रात्री चार तास कोंडलेली होती, आणि जिच्यासाठी ती आठशे-नऊशे किलोमीटर प्रवास करून आली होती त्या मेंदीला ती चार मजले उतरून जाऊ शकली नाही. मी मात्र सराफ्यात गराडू खात होतो आणि तिची किल्ली माझ्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वागतकक्षात जाऊन म्हटले, आईसाठी साधे कार्ड मिळेल का? तरुणाने खण उघडला, त्यातून कार्ड काढले, यंत्रावरून फिरवले आणि माझ्या हाती दिले. एक मिनिट लागले. खणात तशी कार्डे गठ्ठ्याने होती. म्हणजे सोय होती. ती द्यावी असे कुणाच्या मनात आले नव्हते. आणि विचारावे असे माझ्याही मनात आले नव्हते, हे मी आधी कबूल करतो.

आता या किल्लीचे तंत्र थोडे समजून घेऊ. कारण न समजता केलेली टीका ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे. हॉटेलच्या संगणकात आपले नाव, खोलीचा क्रमांक आणि मुक्कामाची मुदत नोंदली गेली की त्यावरून एक सांकेतिक किल्ली तयार होते आणि इंटरनेटवरून आपल्या फोनमध्ये येऊन बसते. दाराजवळ गेल्यावर फोन आणि कुलूप ब्लूटूथने किंवा त्याहूनही जवळच्या टप्प्याच्या रेडिओलहरींनी एकमेकांशी बोलतात. कुलपाच्या पोटात बॅटरी आणि लहानसा संगणक असतो. ही किल्ली याच खोलीची आहे काय, तिची मुदत संपली आहे काय, एवढे तो तपासतो आणि मगच खटका सोडतो. मुक्कामाची मुदत संपली की किल्ली आपोआप निकामी होते. परदेशातील मोठ्या हॉटेल-साखळ्यांनी ही पद्धत सुरू करून आता दशक उलटले. स्टारवुडने नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या काही हॉटेलांत ती आणली, हिल्टनने २०१५ मध्ये. आणि डिसेंबर २०२१ मध्ये हयातच्या अमेरिकेतील सहा हॉटेलांत ॲपलच्या फोनमधले पाकीटच किल्लीचे काम करू लागले. म्हणजे आपल्याकडे आलेली ही लाट अगदी कालची नव्हे.

त्याआधीचा इतिहासही मनोरंजक आहे. पूर्वी हॉटेलची किल्ली पितळेच्या जडशा बिल्ल्याला बांधलेली असे. तो बिल्ला मुद्दामच जड केलेला असे, कारण असले वजन खिशात घालून कोणी गावभर हिंडत नाही. बाहेर जाताना किल्ली खाली ठेवून जातो. पण धातूच्या किल्लीचा एक दोष होता. ती हरवली किंवा कोणी तिची नक्कल करून घेतली, तर पुढच्या प्रत्येक पाहुण्याची झोप धोक्यात. १९७० च्या दशकात नॉर्वेच्या टॉर सॉर्नेस यांनी यावर तोड काढली. त्यांच्या कुलपाची किल्ली म्हणजे भोके पाडलेले प्लास्टिकचे कार्ड. कार्डावर ३२ जागा. प्रत्येक जागी भोक असणार किंवा नसणार. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९ कोटींहून अधिक निरनिराळ्या किल्ल्या! प्रत्येक पाहुण्याला नवी किल्ली देणे त्यामुळे शक्य झाले. पुढे चुंबकीय पट्टीचे कार्ड आले, मग नुसते जवळ धरायचे कार्ड आले, आणि आता कार्डही गेले, फोन आला. प्रत्येक पायरीवर पाहुण्याची सुरक्षितता थोडी वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

फोनच्या किल्लीचे फायदेही खरे आहेत. मध्यरात्री दमून आलेल्या प्रवाशाला रांगेत उभे राहावे लागत नाही. फोन हरवला तर किल्ली दुरूनच रद्द करता येते. प्लास्टिकच्या कार्डांचा कचरा कमी होतो. आणि २०१७ पासून देशात स्वच्छतेचा पहिला मान मिळवीत आलेल्या इंदूरसारख्या शहरात हा मुद्दा कोणीही हसण्यावारी नेणार नाही. काही महागड्या फोनांत तर चार्ज संपल्यावरही काही तास किल्ली चालू राहते. एका किल्लीत इतरांना वाटेकरी करून घेण्याची सोयही हिल्टनने २०२१ मध्ये आणली. पण यातली मेख पाहा : ज्याला वाटेकरी करायचे त्याच्याकडेही तसलाच फोन आणि तेच ॲप हवे. माझ्या आईजवळ बटणांचा फोन आहे. तो वाजतो आणि ती त्यावर बोलते. त्याहून अधिक तिला फोनकडून काही नको, आणि तसे नको असण्याचा तिला हक्क आहे.

येथे मला भाषेकडे वळावेसे वाटते. आपल्या या अंकाचा दुसरा भाग कन्नड आहे आणि निम्मे वाचक दोन्ही भाग वाचतात, म्हणून हे सांगण्यात विशेष आनंद आहे. मराठीतला 'कुलूप' हा शब्द अरबीतून आला आणि 'चावी' पोर्तुगिजांकडून. पण कन्नडमध्ये किल्लीला 'बीगद कै' म्हणतात. आमच्या भागातले कानडी शेजारी 'कीली कै' म्हणतात. 'कै' म्हणजे हात. किल्ली म्हणजे कुलपाचा हात! इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या कोशात वाचलेली नाही. किल्ली ही हातात धरायची, हातातून हातात द्यायची वस्तू आहे. शेजारणीकडे किल्ली ठेवून जातात. सासू सुनेच्या हाती किल्ल्या देते तेव्हा त्या घरात एक राज्य बदलते, हे सांगावे लागत नाही. आमच्या लहानपणी आईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तो वाजला की ती कोणत्या खोलीत आहे हे आम्हांला कळे. त्या जुडग्यात घरातली तिची जागा होती. त्या बाईला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका रात्रीपुरते का होईना, आपण बिनकिल्लीची करून ठेवले.

फोन हा हातातून हातात द्यायची वस्तू नाही. त्यात माझी बँक आहे, माझी पत्रे आहेत, विद्यार्थ्यांचे गुण आहेत. तो मी आईजवळ ठेवून बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून फोनात बसलेली किल्ली एकाच माणसाची होते; आणि कुटुंबात ते माणूस कोण असते, हे आपण सगळे जाणतो. नोंदणी ज्याच्या नावाची, फोन ज्याचा, तो बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष. बायको, म्हातारी आई, शाळकरी मुले यांनी त्याच्या येण्याची वाट पाहावी. त्या हॉटेलच्या मालकाने असे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. पण न ठरवता घडणाऱ्या गोष्टींचीच जास्त चौकशी करावी लागते, कारण त्यांची जबाबदारी कोणी घेत नाही.

इंदूरला हे घडावे याची मला अधिकच खंत वाटली, कारण हे होळकरांचे शहर. अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे झाली. त्यांनी राज्य केले महेश्वराहून, पण घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या काशीपासून देशभरच्या तीर्थक्षेत्रांत. आपल्या प्रजेतला नसलेल्या, कधी न पाहिलेल्या वाटसरूसाठी. जुन्या धर्मशाळांची एक रीत ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. पंढरपूरला वारकरी घराबाहेर पडताना आपले कुलूप पिशवीत घालून निघे. धर्मशाळेत खोली मिळाली की दाराला कुलूप आपले, किल्लीही आपली. दोन किल्ल्या असत : एक बाबांकडे, एक आईकडे. हॉटेले आली तेव्हा कुलूप मालकाचे झाले, पण किल्ली मुक्कामापुरती आपल्या हातात राहिली. आता कुलूपही मालकाचे आणि किल्लीही मालकाच्या संगणकात. आपल्या फोनमध्ये असते ती केवळ परवानगी. वस्तू आपल्याजवळ असते तोवर ती दुसऱ्याला देता येते. परवानगी मात्र देणाऱ्याने ठरवलेल्या अटींवरच वापरावी लागते, आणि ती काढून घेतली तर आपल्याला कळते ते दाराशी उभे राहिल्यावर.

याच शहराने दुसरे टोकही दाखवले आहे, तेही सांगितले पाहिजे. ८ ते १० जानेवारी २०२३ या दिवसांत इंदुरात प्रवासी भारतीय दिवसाचे सतरावे संमेलन झाले आणि त्याला लागूनच उद्योजकांची परिषद. हॉटेले अपुरी पडणार हे दिसू लागले, तेव्हा 'पधारो म्हारो घर' म्हणत इंदूरच्या कित्येक कुटुंबांनी परदेशाहून आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. अनोळखी माणसाला घरात घ्यायचे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकायचा. त्या यजमानांनी काही कोणाच्या दारावर लक्ष ठेवणारे यंत्र लावले नसेल. मी असे म्हणत नाही की हॉटेलाने घर व्हावे. हॉटेल हा धंदा आहे आणि धंद्याला हिशेब लागतो. पण पाहुणा म्हणजे खोलीत राहणारा प्रत्येक माणूस, नोंदणीवरचे एक नाव नव्हे, एवढे त्या घरांकडून शिकायला हरकत नाही.

आता विद्यार्थी मित्रहो, तुमच्याशी संबंधित असलेल्या मुद्द्याकडे येतो. ही नवी कुलुपे दार उघडतात आणि लक्षातही ठेवतात. कोणत्या किल्लीने कोणते दार किती वाजून किती मिनिटांनी उघडले, याची नोंद कुलपात राहते. काही ठिकाणी ती लगेच मध्यवर्ती संगणकाकडेही जाते. चोरी झाली तर ही नोंद उपयोगी पडते, हे खरे. पण ती चोरी न झालेल्या दिवसांचीही असते. उद्या असली कुलुपे वसतिगृहांच्या खोल्यांना बसली, तर कोण मुलगी किती वाजता खोलीबाहेर गेली आणि किती वाजता परतली, ही वही कोणीही न लिहिता आपोआप लिहिली जाईल. पूर्वी ती वही वॉर्डन लिहीत, तेव्हा निदान त्यांच्याशी वाद घालता येत असे. या वहीशी वाद कोण घालणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. सांगितलेल्या कामासाठी लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हे त्या कायद्याचे एक मूळ सूत्र आहे. खोलीचे दार उघडण्यासाठी माझी किती माहिती लागते? माझे नाव, खोली आणि मुदत. माझ्या फोनमधले संपर्क, मी गावात कोठे फिरलो त्याचा नकाशा, यांची दाराला काय गरज? ॲप उतरवताना आपण 'मान्य' हे बटण किती बेफिकिरीने दाबतो! मीही इंदुरात ते तसेच दाबले. वाचले नाही. मागे रांग उभी होती.

सुरक्षिततेच्या नावावर हे सारे खपवले जाते, म्हणून त्याचाही थोडा हिशेब मांडू. २०१२ साली अमेरिकेत कोडी ब्रोशस या तरुण तंत्रज्ञाने, जगभर लाखो दारांना बसलेली एका कंपनीची इलेक्ट्रॉनिक कुलुपे स्वस्तातल्या सुट्या भागांच्या यंत्राने उघडून दाखवली. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी दुसऱ्या एका जातीच्या कुलपांतली उणीव जाहीर केली. तशी कुलुपे १३१ देशांत सुमारे ३० लाख दारांना बसलेली होती, आणि ती उघडायला त्या हॉटेलचे एखादे जुने, मुदत संपलेले कार्ड हाती असले तरी पुरे होते. जानेवारी २०१७ मधली गोष्ट तर बोलकी आहे. ऑस्ट्रियाच्या डोंगरातील एका जुन्या हॉटेलच्या संगणकावर खंडणीखोरांनी कब्जा केला. नवी कार्डे तयार करणे बंद पडले. हंगाम ऐन भरात होता. मालकाने सुमारे १५०० युरो खंडणी भरून सुटका करून घेतली. पाहुणे खोल्यांत कोंडले गेले असे काही वृत्तपत्रांनी छापले ते खोटे होते, दारे आतून उघडत होती. पण त्या मालकाने पुढे काय ठरवले? पणजोबांच्या काळातल्यासारखी साधी कुलपे आणि धातूच्या किल्ल्या परत आणायच्या! मी त्याच्या इतका पुढे, किंवा मागे, जाणार नाही. प्रत्येक कुलूप कोणीतरी उघडतोच. जुनी कुलुपे तर केसातल्या आकड्यानेही उघडत. सांगावयाचे एवढेच की, नवे म्हणजे अभेद्य, हा भ्रम नसावा. आणि एक मार्ग बंद पडला तर दुसरा उघडा असावा.

आमचे काही विद्यार्थी हॉटेल-व्यवस्थापनाकडे वळतात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. फोनच्या किल्लीचे खरे आकर्षण मालकाला वाटते ते हे, की स्वागतकक्षात माणसे कमी लागतात. पण त्या रात्री मला खोलीपर्यंत पोचवले ते त्या जागत्या तरुणाने. यंत्राने मला तीनदा लाल दिवा दाखवला. त्याने माझा चेहरा पाहिला, वय पाहिले, नियम मोडला नाही आणि तरीही वाट काढली : तो माझ्याबरोबर चालत वर आला. ते चार मिनिटांचे चालणे कुठल्याही ॲपमध्ये बसवता येणार नाही. स्वागतकक्षातला माणूस काढून टाकणाऱ्या हॉटेलात त्या रात्री मी जिन्यावरच बसून राहिलो असतो.

मग माझे म्हणणे तरी काय? फोनच्या किल्ल्या बंद करा, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर ऐकणार कोण, आणि का ऐकावे? माझ्या तीनच साध्या मागण्या आहेत. पहिली, खोलीत जितकी सज्ञान माणसे राहणार तितक्या किल्ल्या, न मागता, दाराशी पोचण्याआधी मिळाव्यात. आणि ज्याच्याजवळ तसला फोन नाही त्याला हातात धरता येईल अशी किल्ली मिळावी. दुसरी, फोन बंद पडलेल्या, ओळखपत्र आत राहिलेल्या पाहुण्याला मदत करणारे एक जागते माणूस रात्रभर असावे. तिसरी, दाराची नोंद किती दिवस ठेवली जाते आणि कोणाला दाखवली जाते, हे भिंतीवर साध्या भाषेत लिहिलेले असावे. यांपैकी एकाही मागणीला नवे यंत्र लागत नाही. कार्डे खणात पडलेलीच आहेत.

आणि एक मागणी स्वतःकडे, तुम्हांआम्हां फोनवाल्यांकडे. हॉटेल असो, बँक असो, परीक्षेचा अर्ज असो. यापुढे दारे फोननेच उघडू लागणार. आपले दार उघडले की आपण आत जातो आणि मागे कोण उभे आहे ते पाहत नाही. दार उघडल्यावर क्षणभर थांबून मागे पाहावे, आणि विचारावे : यांच्याजवळ किल्ली आहे का?

दुसऱ्या दिवशी हळद होती. आईने ते कार्ड पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि माझ्या आधी, एकटी, लिफ्टने खाली गेली. मी पोचलो तेव्हा बायकांच्या घोळक्यात बसून ती ओव्या म्हणत होती. मधेच उठून ती एकदा खोलीवर जाऊन आली. कुणाला काही विचारावे लागले नाही.